टाकून दिलेले पॉइंट आठ

गुरुवार, २१ फेब्रुवारी १९९१. धाहरानला दुपारचे ४.४०, नाशकात संध्याकाळचे ७.१०. तास शून्य

धाहरान सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. आखाती युद्ध चालू आहे, आणि तिथल्या हवाई तळाच्या राखणीला पॅट्रियट क्षेपणास्त्रांची 'अल्फा' बॅटरी लावलेली आहे. तिच्या संगणकाचा आराखडा १९७० च्या दशकातला. आतलं घड्याळ सेकंदाला दहा ठोके मोजतं आणि ते पूर्णांकात साठवतं: एक, दोन, तीन. यंत्र नुकतं चालू झालंय. ठोके शून्य, म्हणून चूकही शून्य.

वेळेचा खुलासा इथेच करून टाकतो. अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या कचेरीने ४ फेब्रुवारी १९९२ ला या प्रकरणाचा अहवाल दिला. बॅटरी 'शंभरहून जास्त तास' सलग चालू होती, असं त्यात म्हटलंय. मी शेवटच्या क्षणापासून बरोब्बर शंभर तास मागे आलोय. म्हणजे खरी गोष्ट इथे दिसेल त्याहून किंचित वाईटच.

याच तारखेला, २१ फेब्रुवारीलाच, अमेरिकेतल्या पॅट्रियट प्रकल्प कार्यालयाने हे यंत्र वापरणाऱ्या तुकड्यांना एक संदेश धाडला. यंत्र फार वेळ सलग चालवलं तर रडारची शोधखिडकी सरकू शकते, नेम बाजूला पडू शकतो, सुधारित सॉफ्टवेअर येत आहे. 'फार वेळ' म्हणजे किती, हे मात्र त्यात नव्हतं. पूर्वी रेशनच्या दुकानावर 'रॉकेल लवकरच येईल' अशी पाटी असायची, तिच्याइतकीच कामाची ही सूचना.

आकडा मात्र कार्यालयाकडे होता, म्हणून हे जास्त लागतं. इस्रायलमध्येही पॅट्रियट तैनात होतं. तिथल्या लोकांनी यंत्राच्या नोंदी काढल्या आणि ११ फेब्रुवारीला त्या अमेरिकेत पोचल्या: आठ तास सलग चाललं की खिडकी २० टक्के सरकते. ५० टक्के सरकली की लक्ष्य हातचं गेलं. आठ तासांत वीस, तर पन्नास किती तासांत? शाळेतलं त्रैराशिक. उत्तर वीस तास. १६ फेब्रुवारीला दुरुस्त सॉफ्टवेअर तयार होऊन निघालंसुद्धा. पण कोणी यंत्र एवढं सलग चालवत असेल, यावर कार्यालयातल्या कोणाचा विश्वास नव्हता. पॅट्रियटची कल्पना मुळात युरोपसाठी होती. सोव्हिएत विमानं आली की पाडायची, काही तासांनी गाडा हलवून दुसरीकडे मांडायचा. वाळवंटात एका जागी ठाण मांडून रात्रंदिवस आभाळाकडे बघत बसायचं, हे तिच्या जन्मपत्रिकेत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी हे शंभर तास एकदा घरी चालवून बघायचे ठरवले. मी पोटापाण्यासाठी जावा या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहितो, आणि 'अमुक काम सुरू होऊन किती वेळ झाला' हा प्रश्न माझ्या वाट्याला दर आठवड्याला येतो. वरच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप पडून होता, तो झटकला. गुरुवारी संध्याकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर तीन ओळी. पहिली पॅट्रियटच्या रीतीने वेळ काढणारी. दुसरी नवशिक्याच्या रीतीने, म्हणजे दर ठोक्याला 'फ्लोट'मध्ये, जावाच्या दशांश आकड्यांच्या खान्यात, ०.१ मिळवत जाणारी. तिसरी नॅनोटाइम या जावाच्या स्वतःच्या घड्याळाची, पंच म्हणून. आई जिन्यातून वर डोकावली. "हे आता रात्रभर चालणार? बिल कोण भरणार?"

संध्याकाळचे ५.४०. तास १

ठोके ३६,०००. चूक ०.००३४ सेकंद. खिडकी सरकली ७ मीटर.

चूक येते कुठून? घड्याळ तर अचूक मोजतंय. छत्तीस हजार म्हणजे छत्तीस हजारच. पण क्षेपणास्त्राचा वेग सेकंदाच्या हिशेबात असतो, म्हणून ठोक्यांचे सेकंद करावे लागतात. त्यासाठी ०.१ ने गुणायचं. आणि ०.१ हा आकडा त्या यंत्रात बसत नाही.

बसत का नाही, हे जुन्या माणसांना चटकन कळेल, कारण त्यांनी आण्यांचा हिशेब केलाय. रुपयाचा अर्धा आठ आणे, त्याचा अर्धा चार, मग दोन, मग एक. एका आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट. सगळं अर्ध्याच्या अर्ध्यात. संगणक असाच विचार करतो, त्याच्याकडे फक्त अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश अशी नाणी असतात. आता त्याला सांगा, रुपयाचा बरोबर दहावा हिस्सा दे. एक आणा दिला तर कमी पडतो, दोन दिले तर जास्त होतात. एक आणा आणि दोन पैसे दिले तरी कमीच. दोन पैशांच्या जागी तीन दिले, तर जास्त. आणखी बारीक नाणी पाडत राहा, शेवट येतच नाही.

अल्फाच्या संगणकातली जागा २४ बिटांची. त्यातलं सगळ्यात बारीक नाणं म्हणजे एकाचा ८३,८८,६०८ वा भाग. एक दशांश सेकंद होण्यासाठी अशी ८,३८,८६०.८ नाणी हवीत. पूर्ण नाणी ८,३८,८६० घेतली आणि वरचे पॉइंट आठ टाकून दिले. कॅल्क्युलेटरवर ८३८८६० ला ८३८८६०८ ने भागून बघा. ०.१ येत नाही, ०.०९९९९९९०४ आणि पुढे काहीतरी येतं. दर ठोक्याला सेकंदाच्या कोटीव्या भागाइतकीही चूक होत नाही. पण ठोके तासाला छत्तीस हजार.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. पॉइंट आठ टाकायच्या ऐवजी वर चढवून ८,३८,८६१ धरले असते, तर चूक उलट दिशेला पॉइंट दोनची, म्हणजे पावपट झाली असती. किराणा दुकानदारही एवढं करतो. यंत्र मात्र तोडून टाकतं, कारण तोडायला काही करावंच लागत नाही.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी. मध्यरात्रीनंतरचे १२.४०. तास ८

चूक ०.०२७५ सेकंद. खिडकी ५५ मीटर सरकली.

इस्रायलच्या नोंदीतले आठ तास ते हेच. पॅट्रियटचं रडार आधी सगळं आभाळ धुंडाळतं. काही दिसलं, की पुढच्या क्षणी ते कुठे असायला हवं याचा हिशेब मांडतं: वेग गुणिले मधला वेळ. मग आभाळाचा तेवढाच तुकडा, तेवढीच खिडकी उघडून बघतं. वस्तू तिथे सापडली तर खरी, नाही सापडली तर पहिलं दिसणं हा भास. विमानाच्या बाबतीत ५५ मीटर इकडे तिकडे झाले तर फारसं बिघडत नाही. यंत्र ज्यांच्यासाठी बनवलं ती विमानं आवाजाच्या दुप्पट वेगाने येणारी. इराकची स्कड क्षेपणास्त्रं आवाजाच्या पाचपट वेगाने येत होती.

या वेळी नाशकात आम्ही झोपलो होतो. तेव्हा मी शाळेत होतो. स्कड आणि पॅट्रियट हे शब्द आमच्या गल्लीत पाठ झाले होते. आखूड चेंडू टाकला की तो स्कड, हुक मारला की पॅट्रियट. हुक बहुतेक वेळा हुकायचा. आखातातलं युद्ध आम्हाला लांबचं नव्हतं. आदल्या वर्षी कुवेतमधून लाखाहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी घरी आणलं होतं, आणि अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू द्यावं की नाही यावरून चंद्रशेखर सरकारची तारांबळ उडाली होती.

दुपारचे १२.४०. तास २०

चूक ०.०६८७ सेकंद. खिडकी १३७ मीटर सरकली.

त्रैराशिकातली मर्यादा इथे संपली. यापुढे अल्फा बॅटरी दिसायला जागी आहे, प्रत्यक्षात आंधळी. दिवे लागलेत, रडार चालू आहे, पडद्यावर कुठलीही तक्रार नाही. पुढचे ऐंशी तास हे असंच राहणार आहे.

उपाय काय होता? यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं. ठोके शून्यावर, चूक शून्यावर. त्याला लागतात साठ ते नव्वद सेकंद. दिवसातून दोनदा, गाड्या कमी असतात अशा वेळी फाटक बंद करावं तसं. पण त्यासाठी कोणीतरी 'वीस' हा आकडा उच्चारायला हवा होता.

माझ्या पडद्यावरची पहिली ओळ शुक्रवारी दुपारी ७१९९९.९३१३ दाखवत होती, अहवालातल्या तक्त्याशी चार दशांशांपर्यंत जुळणारं. पण ते सुरुवातीपासून असं नव्हतं. प्रोग्रॅम लिहिताना शंभराव्या तासाचं उत्तर आधीच काढून बघितलं, तर जावाने सांगितलं, शंभर तास म्हणजे ६३.६५६७ सेकंद. मी चहा बाजूला ठेवला. छत्तीस लाख गुणिले ८,३८,८६० हा गुणाकार मी साध्या 'इंट'मध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या लहान खान्यात केला होता. इंटची मर्यादा दोनशे चौदा कोटींच्या आसपास, आणि हा गुणाकार तीन लाख कोटींच्या पुढचा. भांडं भरून वाहिलं, तळाशी उरलं तेवढं जावाने निमूटपणे वाढलं. एक शब्द बदलून 'लाँग', म्हणजे मोठा खाना केला आणि ३५९९९९.६५६७ आलं. तक्रार जावानेही केली नव्हती. तीस वर्षांनी, चूक कुठे आहे हे आधीच ठाऊक असताना, शांत खोलीत बसून मी दुसरी चूक केली. त्या प्रकल्पातल्या लोकांना हसायचं थांबवलं ते तिथून.

त्याच रात्री, माझ्या घरी. तास २७ आणि ४६ मिनिटं

हा तास धाहरानच्या कुठल्याच तक्त्यात नाही. एक लाख सेकंद झाले, म्हणजे दहा लाख ठोके. दुसऱ्या ओळीकडे, नवशिक्याच्या रीतीकडे बघायला मी मुद्दाम जागा राहिलो. ती १००९५८.३४ दाखवत होती. पॅट्रियटची रीत तोवर सेकंदाच्या दहाव्या भागाइतकीही मागे पडली नव्हती, आणि ही बया सोळा मिनिटं पुढे धावत होती.

दर वेळी ०.१ मिळवायचं, आणि दर वेळी बेरीज जागेत बसवण्यासाठी थोडी कापायची किंवा फुगवायची. बेरीज जितकी मोठी, तितकं कापणं ढोबळ. मोठ्या तराजूत चिमूटभर जिरं तोलायचं तसं. आणखी गंमत पुढे आहे. जावाच्या फ्लोटमध्येही आकड्याला २४ बिटच मिळतात. बेरीज २०,९७,१५२ ला पोचली की तिच्या शेजारचा पुढचा आकडा पाव सेकंदाने लांब असतो. त्यात ०.१ मिळवलं तरी बेरीज हलत नाही. म्हणजे हा प्रोग्रॅम एकविसाव्या दिवशी कायमचा थांबेल. घड्याळ चालू, ठोके पडताहेत, काटा जागेवर. हा प्रकार मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रत्यक्ष पाहिलाय. यंत्र किती तास चाललं ते दाखवणारा फलक तीन आठवड्यांनी गोठला होता, आणि लोक केबल बदलत बसले होते.

तिसरी ओळ, नॅनोटाइमची, आपली गुमान बरोबर. सुरुवातीला एक वाचन, शेवटी एक वाचन, दोन्ही पूर्णांक, वजाबाकी केली, संपलं. जावात वेळ विचारायची दुसरी सोय आहे करंटटाइममिलिस. ती १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद सांगते. पण ते भिंतीवरचं घड्याळ. कोणी काटे पुढेमागे केले, इंटरनेटवरून वेळ दुरुस्त झाली, की उडी मारतं. गेलेला वेळ त्यावरून काढला तर कधी उणे दोन सेकंद झाले असंही उत्तर येतं. नॅनोटाइम २००४ साली जावात आलं, ते यासाठीच. त्याचा शून्य कुठे आहे हे ते सांगत नाही, आणि त्याची गरजही नाही; शर्यत मोजणाऱ्याला पंचांग लागत नाही.

रात्री अकराला झोपायला गेलो. लांबवरून देवळालीच्या बाजूने तोफेसारखा आवाज आल्याचं वाटलं, बहुधा लग्नातले फटाके असावेत. तोफखान्याची शाळा त्या बाजूला असल्यामुळे नाशिककरांना असे भास होतात. इंग्रजांच्या काळात मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून असत. वेळ जाता जात नसे, डोकी फिरत. त्यावरून वेड लागण्याला इंग्रजीत देवळालीच्या नावाचा शब्दच पडलाय, 'डूलाली'.

शनिवार सकाळ, माझ्या घरी. तास ३९

लाइट गेली.

डेस्कटॉपला बॅटरी नव्हती. एकोणचाळीस तासांची मेहनत पडद्यासकट काळी झाली. मी जिन्यातच बसून चरफडलो. आई म्हणाली, "गेली तर गेली, येईल." पंचवीस मिनिटांनी आली. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, तिन्ही ओळी शून्यावरून.

मग लक्षात आलं, मी ज्याच्यावर चरफडतोय तेच धाहरानला हवं होतं. एखादा जनरेटर बंद पडायला हवा होता, कोणाचा तरी पाय वायरीत अडकायला हवा होता. अमेरिकी सेनेची वीज जात नव्हती, हे त्या बॅटरीचं दुर्दैव. नोंद करणारी उपकरणंही त्यांनी जोडली नव्हती. ती जोडल्याने यंत्र अचानक बंद पडेल, अशी अधिकाऱ्यांना भीती वाटत होती.

शनिवार, २३ फेब्रुवारी. दुपारचे ४.४०. तास ४८

चूक ०.१६४८ सेकंद. खिडकी ३३० मीटर सरकली.

इकडे माझ्या शनिवारी संध्याकाळी मी गंगेवर गेलो. गोदावरीला नाशकात गंगाच म्हणतात. रामकुंडावर सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांची चर्चा चालू होती. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षं लागत नाहीत, ११.८६ लागतात. वर्षाचा सातवा भाग दर फेरीला उरतो. हाही टाकून दिलेला पॉइंट काहीतरीच. सात फेऱ्या झाल्या की साठून एक वर्ष होतं. पंचांगवाल्यांनी ते कधी नजरेआड केलं नाही. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२२ ला भरायचा तो २०२१ ला भरला, आणि त्याच्या आधी असा अकरा वर्षांचा कुंभ १९३८ ला झाला होता. १९३८ ते २०२१ म्हणजे त्र्याऐंशी वर्षं, सात गुणिले ११.८६. चूक होणार हे गृहीत धरून ती कधी झटकायची, याचा आकडा ठरलेला.

सरकारी दशमान नाण्यांची कथा याहून गमतीची. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे होत. सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? म्हणून तक्त्यात एका आण्याचे सहा आणि चार आण्यांचे पंचवीस. एकेक आणा चारदा दिला तर चोवीस, चारही एकदम दिले तर पंचवीस. त्या दिवशी निघालेली नव्या पैशांची टपाल तिकिटं आमच्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्येच छापलेली. तिकीटखिडकीवर काय काय वाद झाले असतील याची कल्पना करत मी घाटावर बराच वेळ बसलो.

रविवार, २४ फेब्रुवारी. पहाटेचे ४

जमिनीवरची लढाई सुरू झाली. रणगाडे कुवेत आणि इराकमध्ये घुसले. धाहरान आघाडीच्या बरंच मागे, त्या मानाने सुरक्षित.

दुपारचे ४.४०. तास ७२

चूक ०.२४७२ सेकंद. खिडकी ४९४ मीटर.

दुरुस्त सॉफ्टवेअर आठ दिवसांपूर्वी निघालंय आणि वाटेत आहे. युद्धाच्या गर्दीत विमानाने, मग ट्रकने, तळातळाला पोचवत. इंटरनेटवरून अपडेट ढकलायचा काळ अजून यायचा आहे. जावाचा जन्मही चार वर्षं लांब, १९९५ चा.

सोमवार, २५ फेब्रुवारी. रात्रीचे ८.४०, नाशकात ११.१०. तास १००

ठोके ३६ लाख. खरा वेळ ३,६०,००० सेकंद, यंत्राच्या मते ३,५९,९९९.६५६७. फरक सेकंदाचा तिसरा भाग. पापणी लवायला साधारण इतकाच वेळ लागतो. खिडकी ६८७ मीटर सरकली.

इराककडून एक स्कड आलं. रडारला पहिल्यांदा ते दिसलं. पुढे कुठे दिसेल याचा हिशेब झाला, खिडकी उघडली, आणि खिडकीत कोरं आभाळ होतं. यंत्राने नियमाप्रमाणे ठरवलं की आधी दिसलेलं खरं नव्हतं. अल्फाने एकही क्षेपणास्त्र सोडलं नाही.

स्कड धाहरानजवळ अल खोबरमधल्या एका गोदामावर पडलं. गोदामात अमेरिकी सैनिकांची राहायची सोय केली होती. २८ जण ठार झाले, शंभराच्या आसपास जखमी. मेलेल्यांतले १३ एकाच तुकडीचे, पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीन्सबर्ग गावच्या राखीव दलाचे. ६९ जणांची ती तुकडी पाणी शुद्ध करण्याच्या कामासाठी आली होती. सौदीत उतरून त्यांना सहा दिवस झाले होते.

अल्फाने क्षेपणास्त्र सोडलं असतं तरी स्कड पडलं असतं का, यावर पुढे बराच वाद झाला. एमआयटीचे थिओडोर पोस्टोल यांच्या मते त्या युद्धात पॅट्रियटने खरोखर पाडलेली स्कडं फारच थोडी. असेल. पण इथे प्रश्न नेम चुकण्याचा नव्हता. बंदूक उचललीच गेली नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हे शंभर तास मांडायला बसलो. चूक दर ठोक्याला साठत होती हे खरं, पण नुसत्या तेवढ्याने कोणी मरायला नको होतं. हिशेबाला लागतो तो मधला वेळ: आत्ताचं वाचन उणे मघाचं वाचन. दोन्ही वाचनं एकाच चुकीच्या पट्टीने घेतली असती, तर दोन्हींतली साठलेली चूक वजाबाकीत उडून गेली असती. कापडवाल्याचा गज अर्ध्या बोटाने तोकडा असला, तरी त्याच गजाने मोजलेल्या दोन ताग्यांतला फरक फारसा चुकत नाही. मग अल्फाची वजाबाकी का फसली?

गणितज्ञ रॉबर्ट स्कील यांनी जुलै १९९२ च्या 'सियाम न्यूज'मध्ये याचं उत्तर दिलं. वेगवान क्षेपणास्त्रांसाठी पॅट्रियटचं सॉफ्टवेअर सुधारत असताना कोणीतरी वेळेचं रूपांतर जास्त अचूक करणारा एक उपप्रोग्रॅम लिहिला होता. चांगला होता. प्रोग्रॅममध्ये पाचसहा ठिकाणी तो लागत होता. सगळ्या ठिकाणी तो घातला गेला नाही. त्यामुळे एक वाचन नव्या, बरोबर पट्टीने होत होतं आणि दुसरं जुन्या, तोकड्या पट्टीने. वजाबाकीत आता चूक उडत नव्हती. शंभर तासांची सगळी चूक फरकात येऊन बसत होती. कोणीच दुरुस्ती केली नसती, तर खिडकी बहुधा जागेवर राहिली असती.

स्कील यांचं हे उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याच एका जुन्या प्रोग्रॅमकडे धावलो होतो. त्यात सुरुवातीची वेळ करंटटाइममिलिसने घेतलेली होती. पुढे कधीतरी मीच 'सुधारणा' म्हणून शेवटची वेळ नॅनोटाइमने घेऊन तिला दहा लाखांनी भागलं होतं. सुरुवात भिंतीवरच्या घड्याळाने, शेवट शर्यतीच्या घड्याळाने. उत्तर इतकं हास्यास्पद आलं की पहिल्याच चाचणीत सापडलं. ते हास्यास्पद आलं हे माझं नशीब. अल्फाचं उत्तर दिसायला पूर्णपणे शहाणं होतं.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं.

माझ्या डेस्कटॉपवरचे शंभर तास पुरे झालेच नाहीत. रविवारी पुन्हा लाइट गेली, सोमवारी आईने दिवाणखाना झाडताना खालचा मेन स्विच बंद केला. पहिली ओळ एकदाही दोन दशांश सेकंदांच्या पुढे चुकली नाही.

गुरुवार, २८ फेब्रुवारी. सकाळचे ८

युद्धबंदी. वॉशिंग्टनच्या मध्यरात्रीची वेळ धरली होती, आणि ती धरताना तिथे हाही विचार झाला होता की मग जमिनीवरची लढाई शंभर तासांची ठरते. आकडा गोल होतो.